एका छत्रीखाली दोन टीव्ही

पाणी आणि सिग्नल यांत काही फरक नाही, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं, आणि पुढचं सगळं त्या एका मतामुळे घडलं.

पाणीपुरवठा खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाचं असं मत होणं साहजिक आहे. वर टाकी, खाली नळ, मध्ये पाइप. वर गच्चीत छत्री, खाली घरात टीव्ही, मध्ये केबल. पाइपला एक टी जोडून एका नळाचे दोन करता येतात, तर केबलचे का करता येऊ नयेत? निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती वाचायला तिसऱ्या मजल्यापर्यंत येणार कोण.

झालं एवढंच होतं, की परगावच्या मुलीनं भिंतभर नवा टीव्ही घेतला आणि जुना बाबांकडे पाठवून दिला. सोबत जुना सेटटॉप बॉक्सही होता, त्याच कंपनीचा. तिच्याकडे जागा अडत होती आणि बाबांकडे जागाच जागा होती. हेडक्लार्क फोनवर म्हणाले, एक टीव्ही आहे की बाहेरच्या खोलीत, दुसरा घेऊन काय करू. मग दोन दिवस ते त्या खोक्याकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, की हा स्वयंपाकघरात लावायचा. जेवताना बातम्या चुकतात, असं कारणही त्यांनी तयार ठेवलं. विचारणारं तसं कोणी नव्हतं. पण कारणाचा रकाना कोरा सोडायची त्यांना सवय नव्हती.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून त्यांनी तो बॉक्स आपल्या नावावर चढवून घेतला. त्याला चारच दिवस लागले. जोडणीसाठी आठ दिवसांनी माणूस पाठवू, असंही कंपनी म्हणाली. पण एक फाटा काढायला माणूस कशाला हवा, या विचारानं हेडक्लार्कांनी नको म्हणून सांगितलं. हे 'नको' नंतर त्यांना फार जड गेलं.

इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांना स्प्लिटर मिळाला. काडेपेटीएवढी धातूची डबी, एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन. दुकानदार म्हणाला, लावा आणि विसरून जा. हेडक्लार्कांनी लावला. पॅसेजमध्ये स्टुलावर चढून केबल कापली, दोन्ही टोकांना पिना बसवल्या, डबी भिंतीवर ठोकली आणि दोन फाटे दोन खोल्यांत नेले. घामाघूम झाले, एक बोट कापून घेतलं, पण स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई दिसली तेव्हा त्यांना नव्या वस्तीत पहिल्यांदा पाणी सोडल्यावर वाटायचं तसं वाटलं. बाहेरचा टीव्ही लावला, तोही लागला. हेडक्लार्कांनी हात धुतले आणि ताट वाढून घेतलं.

घास तोंडात जातो न जातो तोच बाहेरच्या खोलीतला आवाज बंद पडला.

जाऊन बघतात तर पडदा निळा, त्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी. चॅनेल बदलला तर पुढचा लागला. त्याच्या पुढचा नाही. मग दोन लागले, मग तीन नाहीत. आत येऊन बघितलं तर बातम्यांची बाई निवांत बोलत होती. त्यांनी तिला बंद केलं, तर बाहेरचे सगळे चॅनेल जिवंत. तिला पुन्हा चालू केलं, की बाहेर निम्मे गार. बरं, सगळे जात असते तर समजण्यासारखं होतं. निम्मेच जात होते. आणि कधी बाहेरचे जात, कधी आतले. खात्याच्या भाषेत बोलायचं तर कुठेतरी पाणी मुरत होतं.

हेडक्लार्कांनी मग अनुभवाच्या जोरावर उपाय केला. गळती नेहमी सांध्यातून होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सगळ्या पिना काढल्या, प्रत्येक पिनेच्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी नीट गुंडाळली आणि पुन्हा आवळल्या. काम इतकं सुबक झालं, की कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. चॅनेल मात्र निम्मेच राहिले.

शेवटी हेल्पलाइन. आधी बराच वेळ संगीत लागलं. त्या संगीताच्या मधून दर अर्ध्या मिनिटाला एक माणूस सांगत होता, की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. एवढ्या वेळा कुणी असं म्हटलं, की कोणालाही बरं वाटतं. मग एक बाई आल्या. आवाज गोड आणि वाक्यं पाठ केलेली, पण स्वभावानं वाईट नसाव्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की स्वयंपाकघरातल्या बॉक्सचं बटण दाबून धरा आणि बाहेरच्या खोलीत कुणाला तरी टीव्हीकडे बघायला सांगा. हेडक्लार्कांनी बटण दाबून धरलं.

"काय दिसतंय म्हणतात, सर?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"बाहेरच्या खोलीत जे आहेत ते. घरात दुसरं कोणी आहे ना, सर?"

हेडक्लार्कांचं बोट बटणावरच होतं. "आमची मंडळी बाहेर गेलीय," ते म्हणाले.

"मग कधीपर्यंत येतील त्या?"

"ते काही सांगता येत नाही."

आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कधी येईल ते खरोखरच सांगता येण्यासारखं नव्हतं.

तासाभरानं मोबाइलवर संदेश आला, की तपासणीसाठी घरात दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्यानं आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. हेडक्लार्कांनी तो तीनदा वाचला. राग यायला हवा होता, पण आधी कौतुकच वाटलं. 'अर्जदार घरी आढळले नाहीत, सबब प्रकरण निकाली' असे शेरे त्यांनी स्वतः शेकड्यांनी मारले होते. आपल्याच हातचं अस्त्र पाठीत बसलं, की त्याची धार कळते.

जिन्यात सेक्रेटरी भेटले. इमारतीच्या कारभारात सेक्रेटरींना विचारल्याशिवाय डास चावत नाही, असं लोक म्हणत. त्यांनी न विचारता निदान केलं, की कबुतरं बसून बसून छत्री हलली असणार, कोन बघायला हवा. पण गच्चीची किल्ली हवी तर लेखी अर्ज द्या. अर्ज म्हटल्यावर हेडक्लार्कांच्या अंगात वेगळीच हुशारी आली. त्यांनी 'गच्चीवरील छत्री दुरुस्त करणेबाबत' असा झकास अर्ज केला. दुसऱ्या दिवशी तो शेरा मारून परत आला: 'नियम नऊ अन्वये गच्चीत छत्र्या, गाद्या व तत्सम वस्तू वाळत घालण्यास मनाई आहे.' हेडक्लार्कांनी छत्री खोडून 'उपग्रहीय संकेतग्राहक तबकडी' असं लिहिलं. सेक्रेटरींना त्यातलं काही कळलं नाही, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली.

आता खरी अडचण पुढे आली. छत्री हलवणारा वर गच्चीत असतो आणि चित्र दिसतं खाली घरात. वर एक जण आणि खाली एक जण, असं हे काम आहे. देवानं आणि कंपनीनं ते दोघांसाठीच बनवलंय. हेडक्लार्क एकटे होते. आधी त्यांनी जिने चढून उतरून बघितलं. वर जायचं, छत्री केसभर सरकवायची, खाली यायचं, टीव्ही बघायचा, पुन्हा वर. पाचव्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं, की आपण खाली पोचेपर्यंत वर काय केलं होतं तेच आठवत नाही.

मग त्यांनी डोकं चालवलं. घरातल्या जुन्या फोनवरून स्वतःच्याच मोबाइलला फोन लावला, रिसीव्हर टीव्हीसमोर उशीवर ठेवला आणि मोबाइल कानाला लावून गच्चीत गेले. युक्ती अफलातून होती. कानात बातम्यांची बाई बोलत होती. त्यांनी पान्यानं नट सैल केला आणि छत्री जरा डावीकडे घेतली. बाई तोतरी झाली. उजवीकडे घेतली, बाई गप्प झाली. घाबरून आणखी उजवीकडे, मग डावीकडे, मग वर. बाई काही पुन्हा बोलली नाही.

हेडक्लार्क तसेच मोबाइल कानाला लावून उभे राहिले. बाईचा आवाज गेल्यावर मागचे आवाज वर आले. फ्रिजची घरघर. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. मग फ्रिजही बंद झाला आणि नुसती टकटक राहिली. तर आपण नसताना आपलं घर असं असतं, हे त्यांच्या मनात आलं. आपण असतानाही साधारण असंच असतं, हे त्याच्या पाठोपाठ आलं. फोन ठेवायला हवा होता, पण बराच वेळ त्यांनी ठेवला नाही.

तर आता निम्मे चॅनेल जायचे ते सगळेच गेले. दोन टीव्ही, दोन्ही निळे. हेडक्लार्क पुन्हा जिन्यावर लागले, आणि त्यांच्या खेपा मोजणारं एक माणूस त्या इमारतीत होतं.

दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या घराखाली, निवृत्त ड्रिल मास्तर राहायचे. मुलगा, सून, दोन नातवंडं, भरलेलं घर. मास्तरांच्या आवाजानं एके काळी हजार पोरं मैदानात जागच्या जागी थिजत. आता त्या आवाजाला घरात बंदी होती. सुनेचं ऑफिसचं काम घरूनच फोनवर चालायचं, नातीचा अभ्यास असायचा, नातवाला एकाग्रता लागायची आणि मुलाचं डोकं दुखायचं. चौघंही मास्तरांना प्रेमानं एकच गोष्ट सांगत: हळू. गेली तीन वर्षं मास्तर हळू बोलत होते, आणि हळू बोलायला लागल्यापासून कोणी त्यांचं ऐकत नव्हतं.

"अकरावी खेप," दार किलकिलं करून मास्तर हळूच म्हणाले. "कवायत चाललीय का?"

हेडक्लार्कांनी धापा टाकत हकीकत सांगितली. मास्तरांनी चप्पल घातली. दोघांची ओळख बारा वर्षांची होती. म्हणजे बारा वर्षं दोघं जिन्यात एकमेकांना 'काय, बरं आहे ना' विचारत आणि उत्तराची वाट न बघता आपापल्या दाराआड जात. मास्तर वरच्या घरात पहिल्यांदाच शिरले.

ठरलं असं, की हेडक्लार्कांनी गच्चीत छत्री हलवायची, मास्तरांनी टीव्हीकडे डोळा ठेवायचा आणि चित्र आलं की खिडकीतून सांगायचं. हेडक्लार्कांनी मोबाइलवर सांगा म्हणून सुचवलं. मास्तर म्हणाले, त्याची काही गरज पडणार नाही.

खरोखरच पडली नाही. हेडक्लार्कांनी छत्री बोटभर सरकवली आणि खालून तीन वर्षं कोंडून ठेवलेला आवाज सुटला: आलं. कबुतरं उडाली. छत्री हलली. गेलं, आवाज म्हणाला. मग आलं. मग गेलं. मास्तरांना शब्दागणिक चेव येत होता.

आता योगायोग असा, की त्या आठवड्यात इमारतीत पाण्याची बोंब होती. नळाला कधी पाणी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता आणि सगळ्यांचे कान तिकडेच लागले होते. 'आलं' ऐकताच चारही मजल्यांवरचे नळ सुटले. बादल्या, पिंपं, पातेली, एका घरी तर फुलदाण्यासुद्धा लागल्या. 'गेलं' ऐकलं की लोक हवालदिल होऊन होते तेवढे नळ पूर्ण सोडत, आणि पुन्हा 'आलं' झालं की उरलीसुरली भांडी काढत. पाऊण तासात गच्चीतली टाकी कोरडी ठाक झाली. हेडक्लार्क त्या टाकीला टेकूनच उभे होते, पण त्यांचं सगळं लक्ष छत्रीत.

संध्याकाळी जिन्यात नोटीस लागली. पाण्याविषयी अफवा पसरवणाऱ्यांना सक्त ताकीद होतीच. वर सेक्रेटरींनी स्वहस्ते जोडलं होतं, की संबंधित रहिवासी पाणीपुरवठा खात्यात होते ही बाब अधिकच खेदजनक आहे. हेडक्लार्कांना साऱ्या नोकरीत एकही मेमो मिळाला नव्हता. ते नोटिशीसमोर उभे राहून व्याकरणाच्या चुका शोधत राहिले. दोन सापडल्या, पण म्हणावं तसं बरं वाटलं नाही.

छत्रीचा कोन अजून अर्धवटच होता. आता मास्तर येणार नाहीत, असं हेडक्लार्कांनी गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, घरातली सगळी आपापल्या कामाला लागल्यावर, मास्तर दारात हजर. त्यांनी रात्रभर विचार करून शब्द बदलले होते. चित्र आलं की 'सावधान', गेलं की 'विश्राम'. यात पाण्याचा संबंध येत नव्हता. पहिल्या मजल्यावरचा बँकेतला कारकून मास्तरांचा जुना विद्यार्थी होता. 'सावधान' ऐकून तो दाढी करता करता ताठ झाला आणि त्यानं गाल कापून घेतला, तेवढंच काय ते नुकसान. दुपारपर्यंत चित्र आलं. सिग्नलची पट्टी शंभरात अठ्ठ्याहत्तरपर्यंत चढली.

आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहिलं. आत बातम्या लावल्या, की बाहेर निम्मे चॅनेल निळे.

मग पद्धतशीर तपासणी सुरू झाली. मास्तर बाहेरच्या खोलीत रिमोट घेऊन, हेडक्लार्क स्वयंपाकघरात रजिस्टर घेऊन. मास्तरांच्या हाती कैक दिवसांनी रिमोट आला होता. घरी त्यांचा नंबर पाचवा लागायचा. हेडक्लार्क आतून विचारत, आता काय दिसतंय, आणि मास्तर सांगत, कुस्ती. आता? निळं. आता? पुन्हा कुस्ती, काळ्या चड्डीवाला जिंकतोय. हेडक्लार्क 'कुस्ती, हो' अशी नोंद करून चहा टाकायला उठत. अर्ध्या तासात आटोपावी अशी ही तपासणी चार दिवस चालली. रजिस्टरची अकरा पानं भरली. काळ्या चड्डीवाला उपांत्य फेरीत हरला, त्याचं दोघांनाही वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मास्तरांनी निकाल दिला. ते म्हणाले, तुमचं पाण्याचं गणित इथे लागू नाही. ही हुकुमाची भानगड आहे. वर छत्रीत तुकडी एकच, आणि खाली हुकूम देणारे दोन. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, दुसरा निळा होतो.

हेडक्लार्कांना हे पटलं नाही. सिग्नल माणसांसारखा वागत नाही, असं ते जरा तुटकपणे म्हणाले. पाण्यासारखा मात्र वागतो, असं मास्तर म्हणाले नाहीत. ते सभ्य गृहस्थ होते.

हेल्पलाइनला पुन्हा फोन लागला. पुन्हा संगीत, पुन्हा दुसऱ्याच कोण्या बाई, आणि पुन्हा तोच प्रश्न, घरात दुसरं कोणी आहे का, सर.

"आहे," हेडक्लार्क म्हणाले, ते इतक्या जोरात, की बाहेरच्या खोलीत मास्तर दचकले.

तक्रार नोंदली गेली आणि दोन दिवसांनी तंत्रज्ञ आला. पन्नाशीचा, खांद्याला पिशवी, सकाळपासूनचा थकलेला. मास्तर होतेच. तंत्रज्ञानं पॅसेजमधली डबी बघितली, पिनेवरची पांढरी पट्टी बघितली, तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. हे कोणी केलं म्हणून त्यानं विचारलं. आधीच्या माणसानं, असं हेडक्लार्क म्हणाले. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग तंत्रज्ञानं समजावून सांगितलं. छत्रीच्या दांड्याला पुढे जो तोंडासारखा भाग असतो, तो एका वेळी निम्मेच चॅनेल पकडतो. कुठले निम्मे, ते खालचा बॉक्स केबलमधून वीज पाठवून सांगतो. कमी वीज म्हणजे हे निम्मे, जास्त वीज म्हणजे ते निम्मे. एक बॉक्स असला तर प्रश्न नाही. दोन बॉक्सनी वेगवेगळं सांगितलं, की जास्त विजेवाल्याचं चालतं आणि दुसऱ्याचे चॅनेल जातात. डबीनं केबल दोन होतात, तोंड एकच राहतं. दोन कनेक्शनवाला भाग बसवून दोन स्वतंत्र केबल खाली आणायला हव्यात.

"म्हणजे हुकूम देणारे दोन," मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले. हा विजय त्यांनी फार संयमानं साजरा केला.

तंत्रज्ञ फॉर्म भरायला बसला. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, की घरात माणसं किती. हेडक्लार्क म्हणाले, एक. तो लिहिता लिहिता थांबला. त्यानं हेडक्लार्कांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बोटानं खालचा मजला दाखवला.

"साहेब, राग मानू नका," तंत्रज्ञ म्हणाला. "पण माणूस एकच असेल, तर दोन टीव्ही एका वेळी वेगवेगळ्या चॅनेलवर लागतात कशाला? आत जाताना बाहेरचा बंद करा. काही खर्च नको, काही नको. उगाच कशाला हा व्याप?"

प्रश्न साधा होता. इतक्या दिवसांत तो कोणीच विचारला नव्हता, मास्तरांनीसुद्धा. जेवताना बातम्या चुकतात, हे तयार कारण हेडक्लार्कांच्या तोंडापर्यंत आलं. पण बातम्या आतल्या टीव्हीवर लागतच होत्या, तेव्हा ते कारण इथे बसत नव्हतं.

"मी आत जेवत असताना," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले, "बाहेर काहीतरी चालू असावं. मी बघतोय तेच नाही. दुसरं. म्हणजे दुसरं कोणीतरी बघत असल्यासारखं."

तंत्रज्ञानं मान खाली घालून फॉर्मवर काहीतरी लिहिलं, मग पिशवी उचलून गच्चीत गेला. तासाभरात त्यानं नवा भाग बसवला, दोन केबल खाली आणल्या आणि बाहेरच्या खोलीतली केबल चौकटीच्या कडेकडेनं अशी चिकटवली, की बघणाऱ्याला ती दिसूही नये. एवढं त्याच्या कामात येत नव्हतं. जाताना त्यानं दोन्ही टीव्ही वेगवेगळ्या चॅनेलवर लावून दाखवले, दोन्हीकडची पट्टी ब्याण्णव आली, आणि काढलेली डबी पिशवीत टाकून तो गेला. मास्तरही उठले. झालं तर मग, असं म्हणाले. हो, झालं, हेडक्लार्क म्हणाले. कामाशिवाय एकमेकांच्या घरी जाऊन बसायची सवय दोघांचीही मोडली होती, आणि काम तर संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडक्लार्कांनी बाहेरच्या टीव्हीवर मालिका लावली, आत बातम्या लावल्या आणि ताट घेऊन बसले. एकही चॅनेल निळा झाला नाही. बातम्यांची बाई बोलत होती आणि भिंतीपलीकडे कोणीतरी कोणाला तरी समजावत होतं, कोणी रडत होतं, मध्येच दाराची घंटा वाजत होती. भात कालवताना हात थांबावा इतकं ते जुन्या दिवसांसारखं होतं. असे पाच-सहा दिवस गेले. मग एका दुपारी बाहेर एकदम मोठा हशा झाला, चार-पाच माणसं मिळून हसली, आणि हेडक्लार्क ताटावरून मान न उचलता म्हणाले, "काय गं, काय झालं?"

म्हणून गेल्यावर त्यांना ऐकू आलं. बाहेर पुन्हा हशा झाला. त्यांनी बातम्या बंद केल्या, उठून बाहेरचा टीव्ही बंद केला आणि परत येऊन उरलेला भात खाल्ला. त्यानंतर दोन्ही टीव्ही बरेच दिवस बंद होते. कंपनीचा संदेश आला, की आपली तक्रार समाधानकारकपणे मिटली आहे.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला दाराची कडी वाजली. मास्तर होते. कपडे कडक इस्त्रीचे, चेहरा गंभीर. घरची सगळी दोन दिवसांसाठी सुनेच्या माहेरी गेली होती, आणि नेमकं आजच त्यांच्या टीव्हीचं चित्र गेलं होतं. छत्री हलली असणार, मास्तर म्हणाले, कबुतरांचा फार उपद्रव झालाय. किल्लीसाठी अर्ज केला होता, परवानगी मिळाली. आता खाली बघायला कोणीतरी हवं.

हेडक्लार्कांनी चप्पल घातली. मास्तर पाना घेऊन वर गेले, हेडक्लार्क खाली त्यांच्या घरात गेले. बाहेरच्या खोलीत मुलांची दप्तरं, सायकल, वाळत टाकलेले मोजे, आणि मधोमध टीव्ही. एकच खुर्ची रिकामी करून टीव्हीसमोर ओढून ठेवली होती. शेजारी स्टुलावर झाकण घातलेला चहाचा कप होता.

टीव्ही चालू होता. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. कुस्ती लागली होती, आणि काळ्या चड्डीवाला नुकताच मैदानात उतरत होता.

हेडक्लार्क खुर्चीत बसले. चित्राकडे बघितलं, चहाकडे बघितलं. मग उठून खिडकीशी गेले. तेवढ्यात गच्चीतून, चारही मजल्यांना ऐकू जाईल असा, मास्तरांचा आवाज आला.

"आलं का?"

आयुष्यात हेडक्लार्कांनी कागदावर एकही खोटा शेरा मारला नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर मान काढली, छाती भरून श्वास घेतला, आणि आपला आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"अजून नाही," ते ओरडले. "सावकाश होऊ द्या, मी आहे."